बनुबाईचा धनी

ज्ञानू पलटणीत गेला तेव्हा बनुबाईला नांदायला येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. येरळेच्या काठावर, तासगावच्या अलीकडे, नांदवडी नावाचं गाव. ज्ञानू विहिरी खोदायचा. काळ्या खडकाला सुरुंग लावायचा त्याचा हात पंचक्रोशीत नावाजलेला होता, आणि लढाई सुरू झाल्यावर खडकीच्या सफरमैना, म्हणजे सुरुंग लावून रस्ते-पूल करणाऱ्या, पलटणीला नेमकी अशीच माणसं हवी होती. तासगावात भरती लागली, ज्ञानू छाती मोजून आला आणि आठवड्याभरात निघालाही. बायको दारात उभी होती. चारचौघांत तिच्याशी बोलायची सोय नव्हती, म्हणून तो आईकडं बघत बोलला.

"काळजी करू नगा. पानी लागलं की येतोच."

विहिरीवर जाताना तो नेहमी असंच म्हणायचा. दगडाबाई, त्याची आई, हसली. बनुबाईनं पदर तोंडात धरला.

पहिल्या वर्षी पत्रं आली. मग सिंगापूर पडल्याची बातमी गावात आली आणि पत्रं थांबली. पावसाळ्याच्या तोंडाला तार आली. शाळेच्या मास्तरांनी ती चावडीसमोर वाचली आणि सांगितलं, "ज्ञानू बेपत्ता आहे."

"बेपत्ता म्हंजी?" दगडाबाईनं विचारलं.

"म्हणजे कुठं आहे ते सरकारला कळत नाही."

"मग त्ये आमालाबी कळत न्हाई. ह्यात नवीन काय सांगितलं सरकारनं?"

मास्तरांनी तार घडी घालून तिच्या हातात दिली. दगडाबाई सुनेचा हात धरून घरी आली, करंडा काढला आणि तिच्या कपाळावरचं कुंकू आणखी ठळक केलं. "माजं पोरगं हाय," ती म्हणाली. "न्हाई आसं कुनी म्हनलेलं न्हाई."

पण गावातल्या बायकांना हे इतकं सोपं नव्हतं. चैत्राच्या हळदीकुंकवाला बनुबाई गेली की करंडा धरलेला हात तिच्यासमोर क्षणभर अडायचा. कुणी तिला नको म्हटलं नाही. लावायच्या, पण आधी एकमेकींकडं बघून. पुढच्या वर्षी ती गेलीच नाही, आणि तिला बोलवायलाही कुणी आलं नाही.

गाणं सुरू झालं ते भांगलणीच्या वेळी, तण खुरपताना. शेजारच्या रानाची मालकीण त्रिशलाक्का, जैनांची. नवरा धन्यकुमार तापानं गेल्यापासून रान तीच बघायची, आणि बनुबाई तिच्याकडं रोजानं जायची. बायका आपापल्या पातीला, ओळीला लागल्या की कुणी ना कुणी गाणं म्हणायचं. बनुबाईचा आवाज काही फार गोड नव्हता. जरा जाडच होता, खाली धरलेला. पण एके दिवशी तिनं जे म्हटलं ते त्या बायकांनी आधी कधी ऐकलेलं नव्हतं.

धनी गेलं परमुलखा, वाट गवतानं झाकली
डोळ्यांतलं त्याल सरलं, तरी वात न्हाई इझली

कुनाला पुसू मी गाव, कुनी सांगंना ठिकाण
नाव पोटात राखलं, ओठांना त्येची आण

बायकांची खुरपी थांबली. ज्यांच्या घरातलं कुणी पलटणीत होतं त्यांनी डोळे पुसले.

बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून गाण्यात ज्ञानूचं नाव नव्हतं. धनी एवढंच होतं. आता धनी म्हणजे नवरा. आणि धनी म्हणजे सगळ्यांचा जो मालक, तोही. आकाराम भजनी त्या वेळी बांधावरून चालले होते. गावातल्या भजनी मंडळाची वीणा त्यांच्या गळ्यात असायची. साठीला टेकलेला, सरळ मनाचा माणूस. ते बांधावरच उभे राहिले आणि गाणं संपल्यावर जवळ आले.

"पोरी, ही रचना कुनाची?"

"कुनाची न्हाई. आसंच सुचलं."

"आसंच सुचत न्हाई गं. सारं आयुष्य टाळ कुटला, मला एक ओळ सुचली न्हाई. देवाची एवढी ओढ तुला कवापास्नं लागली?"

बनुबाईनं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण पातीला बसलेल्या साऱ्या बायका तिच्याकडं बघत होत्या. मी नवऱ्यासाठी झुरते, असं एका वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर कसं सांगायचं? तिनं मान खाली घातली. आकारामांनी तो होकार समजला.

एकादशीला त्यांनी तिला देवळात बोलावलं. ती जायला तयार नव्हती. दगडाबाईनंच ढकललं. "जा की. देवाच्या नावानं का हुईना, त्येला हाक तर जाईल. देवळातली हाक लांबवर जाती."

बनुबाई खांबाशी पाठ लावून बसली आणि गायली. पखवाजवाल्यालाही ठेका धरायची शुद्ध राहिली नाही. त्या काळात घराघरांतून कुणी ना कुणी गेलेलं होतं. कुणी लढाईवर होतं, तर कुणी बेचाळीसच्या चळवळीत पडून रानोमाळ लपत होतं. रडायला सगळ्यांकडं कारण होतं, जागा नव्हती. ती बनुबाईनं दिली. दर एकादशीला गर्दी वाढू लागली. तासगाव, पलूस, विट्याकडून माणसं येऊ लागली. हळदीकुंकवाला जी करंडा घेऊन अडली होती, तीच बाई आता बनुबाईच्या पाया पडली.

खरं फक्त त्रिशलाक्काला माहीत होतं. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून ती लवकर रानातून उठायची, आणि बनुबाई तिच्यासोबत ओढ्यापर्यंत चालत जायची. तिथं एकदा बनुबाईनं सांगून टाकलं.

"अक्का, मी देवाला न्हाई गं म्हनत."

"मला ठावं हाय."

"लोकं पाया पडत्यात. पाप लागंल का?"

त्रिशलाक्का थोडं चालली. "पाप तुला कशाचं? तू खोटं कुठं बोललीस? तू धनी म्हनलीस. त्येंनी त्येंचा धनी ऐकला." मग ती थांबून म्हणाली, "माजं मानूस माज्या डोळ्यांदेखत गेलं. मला तुज्यागत गाता आलं आसतं तर बरं झालं आसतं."

अशी दोन वर्षं गेली.

त्या साली त्रिशलाक्काच्या रानात हळद चांगली उतरली होती. काढणीच्या दिवसांत ओल्या हळदीचे गड्डे मोडून हळकुंडं सुटी करायची, माती झाडायची, मग कायलीत उकडायची. दिवसभर गड्डे मोडून बनुबाईचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. ऊन कलल्यावर ती येरळेला गेली. पात्रात डोहापुरतं पाणी होतं. दगडावर बसून तिनं वाळूनं हात घासायला घेतले. नेहमीसारखं तोंडात गाणं होतं. पिवळा रंग पाण्यात उतरत होता, पसरत होता, आणि हात तसेच पिवळे होते.

तिनं धनी अशी हाक घेतली आणि ती हाक अर्ध्यावर विरली. हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं म्हणून विरली. ऐकणारा दूर होता, कुठल्या तरी मुलखात, असं ती इतके दिवस धरून चालली होती. तो दूर नव्हता. जवळही नव्हता. जवळ यायला मध्ये काही अंतर लागतं, तेच नव्हतं. पाणी, दगड, पलीकडच्या काठावरची बाभळ, बाभळीवरचा कावळा, हे सगळं जिथं होतं तिथंच होतं आणि त्यात ती निराळी कुठंच सापडत नव्हती. भीती वाटली नाही. कुणाला वाटणार?

ती भानावर आली तेव्हा त्रिशलाक्का तिचे खांदे धरून हलवत होती. लुगडं कमरेपर्यंत भिजलं होतं.

"बने! काय झालं गं? चक्कर आली का?"

बनुबाई तिच्याकडं बघून हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. पुढं दोन दिवस ती फारशी बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी तिनं रानात त्रिशलाक्काला जे झालं ते सांगायचा प्रयत्न केला.

"कोन तरी हाय, अक्का. भाहीर न्हाई. आत हाय म्हनावं तर आत कुठलं आन् भाहीर कुठलं ह्येच कळंना."

"ज्ञानू?"

"त्येच सांगतोय. त्येंचं तोंड आठवाय बसले काल. येत न्हाई. इतकी वर्सं दुखत हुतं ना हितं, त्ये दुखायचं ऱ्हायलं." तिनं छातीवर हात ठेवला. "दुखत न्हाई म्हनून रडतोय मी. बायकू म्हनून मी मेले का काय?"

"आमच्यात देव कुनाला भेटाय येत न्हाई," त्रिशलाक्का म्हणाली. "त्यो त्येच्या जागी, आपुन आपल्या जागी. मला ह्यातलं काय कळत न्हाई. पर तुजं तोंड बघून वाटतंय, काय तरी झालंय खरं."

त्या एकादशीला बनुबाईनं नवं गाणं म्हटलं.

हळद मोडता मोडता, हात हळदीचं झालं
धुवाया गेले नदीला, पानी पिवळं हून ग्येलं

आता सांगा बाई कुनी, हात कुठं, हळद कुठं
हाक मारू मी कुनाला, धनी कुठं, मी कुठं

आधीची गाणी ऐकून लोक रडायचे. हे ऐकून कुणी रडलं नाही. देवळात अशी शांतता झाली की लोकांना आपापला श्वास ऐकू येऊ लागला. आकारामांनी वीणा खाली ठेवली आणि वयाचा विचार न करता तिच्यापुढं डोकं टेकलं. बनुबाई खांबाला आणखी चिकटली.

मग सांगलीहून बोलावणं आलं. कृष्णेच्या घाटावर तिचं गाणं झालं, विश्रामबागेकडची शिकलेली मंडळी ऐकायला आली. वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या. आणि त्यानंतर माणसं घरी येऊ लागली ती गाणं ऐकायला नव्हे. लढाईवर गेलेल्यांची खबर विचारायला यायची.

कवठे महांकाळकडची राहीबाई नावाची एक म्हातारी मुलाचा सदरा कवटाळून बैलगाडीतून आली होती. तिनं सदरा बनुबाईच्या पुढ्यात ठेवला.

"माजं लेकरू हाय का गेलं, येवढं सांगा."

"मला कसं कळंल, आजी?"

"तुमचा धनी तुमच्यासंगं बोलतो म्हनं. त्येला इचारा."

"त्यो बोलत न्हाई वं," बनुबाई कळवळून म्हणाली. "त्यो फकस्त हाय."

म्हातारीनं सदऱ्याची घडी घातली. "आसला देव मला काय कामाचा," एवढंच म्हणून ती उठली. दगडाबाईनं तिला जेवायला थांबवलं, पण ती थांबली नाही. बनुबाई तिच्या गाडीमागं वेशीपर्यंत गेली आणि परत येऊन त्या दिवशी जेवली नाही.

लढाई संपली. पलटणीतली माणसं एकेक करून परतू लागली. ज्ञानूची काही खबर नव्हती. दगडाबाईही आता त्याच्याविषयी कमी बोलायची. कुंकू मात्र रोज बघायची.

माघातल्या एकादशीला दुपारी देवळात भजन चाललं होतं. त्या दिवशी भिलवडीच्या स्टेशनावर उतरून एक माणूस चालत गावात आला. खाकी कोट अंगावर लोंबत होता, समोरचे दात नव्हते, डोक्यावरचे केस जागोजाग गेलेले. तो थेट ज्ञानूच्या घरी गेला. घराला कडी होती. शेजारच्या अर्जुनानं त्याला ओळखलं नाही. बाहेरगावचा कुणी असेल म्हणून त्यानं सांगितलं, "बनुबाईकडं आलाय न्हवं? देवळात जावा. आज एकादशी."

तो देवळात गेला. गर्दी दारापर्यंत होती. लोकांच्या डोक्यांवरून त्याला बायको दिसली. ती डोळे मिटून गात होती. तो तिथंच भिंतीला टेकून खाली बसला आणि त्यानं सबंध गाणं ऐकलं. भजन संपल्यावर लोक दर्शनाला उठले. तोही उठला. का उठला, ते त्याला नंतर सांगता आलं नाही. गर्दीनं त्याला पुढं नेलं.

बनुबाईसमोर आल्यावर तो वाकला. बनुबाईनं सगळ्यांपुढं घ्यायची तसे पाय मागं घेतले.

"माज्या पाया पडू नगा, बाबा. देवाच्या पडा," ती म्हणाली.

ज्ञानूला तिशी ओलांडून फार दिवस झाले नव्हते.

तो वर बघत राहिला. तिनंही बघितलं, आणि तिच्या नजरेत ओळख आली नाही. मागचा माणूस पुढं सरकू लागला. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं दगडाबाई उठली. तिनं पोराचं तोंड अजून बघितलंही नव्हतं. वाकलेली पाठ तेवढी दिसली होती.

"ज्ञानू!"

त्या हाकेनं सारं देऊळ उठलं. म्हातारी माणसांना ढकलत आली आणि पोराच्या गळ्यात पडली. कुणी गुलाल आणायला पळालं, कुणी हलगीवाल्याला हाक मारली. आकाराम रडत ओरडले, "पोरीच्या भक्तीनं मानूस परत आलं!" त्या गलक्यात बनुबाई खांबाशी तशीच बसून होती. तिचे ओठ हलत होते. जवळ बसलेल्या त्रिशलाक्कालाच काय ते ऐकू आलं. "मी बाबा म्हनले," ती म्हणत होती. "अक्का, मी त्येस्नी बाबा म्हनले."

गावानं ज्ञानूची मिरवणूक काढली. महिनाभर त्याला घरोघर जेवायला बोलावणं होतं. तो ताटाभोवती डावा हात धरून जेवायचा, कुणी ओढून घेईल तसा. अंथरुणाखाली भाकरीचे तुकडे लपवलेले सापडले तेव्हा दगडाबाईनं ते न बोलता गाईला घातले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच तिथं एक अख्खी भाकरी ठेवली. जपान्यांनी कैद्यांना कुठल्या बेटांवर नेलं होतं, तिथं काय झालं, हे तो सांगत नसे. अंगात मुरलेला हिवताप आणि फुगलेलं पोट तो घेऊन आला होता.

बनुबाई त्याचं सगळं करायची. पाणी तापवायची, लापशी करायची, तापात डोकं दाबायची. तो तिच्याशी हळू बोलायचा. ती त्याला उलटून कधी बोलली नाही. बघणाऱ्याला वाटावं, किती सुखाचा संसार. पण दोघं एकमेकांशी पाहुण्यासारखी वागत होती.

अंगात जरा बळ आल्यावर ज्ञानू रानातल्या जुन्या विहिरीतला गाळ काढायला उतरू लागला. एका दुपारी बनुबाई भाकरी घेऊन गेली. तो काठावर बसून जेवला. मग हात धुऊन म्हणाला,

"तिथं मी तुजं तोंड धरून ऱ्हायलो. बाकीची पोरं आईचं नाव घ्यायची, देवाचं घ्यायची. मला देव आठवायचाच न्हाई. सकाळी उठलं की आदी तुजं तोंड आठवायचं, मग उभं ऱ्हायाचं. आसं केलं म्हनून जगलो."

बनुबाईनं फडकं झटकलं, त्याची पुन्हा घडी घातली.

"लोकं म्हनत्यात, तू देवाला हाक मारत हुतीस," तो म्हणाला. "त्रिशलाक्का म्हनती, मला मारत हुतीस. खरं काय?"

"आदी तुमालाच," ती म्हणाली.

"आन् मग?"

तिनं खोटं बोलायचं ठरवलं असतं तर ते सोपं होतं. त्याचं तोंड बघून तिला खोटं बोलवेना.

"मग काय झालं त्ये मला सांगता येत न्हाई. तुमी लांब हुता, आन् हाक मारून मारून... कुनी तरी आलं. तुमीच आलासा आसं वाटलं. मग मीबी न्हाई, तुमीबी न्हाई, आसं झालं."

ज्ञानू विहिरीत बघत बसला. रागावेल असं तिला वाटलं होतं. तो रागावला नाही.

"मी आलोच न्हाई बघ मग," तो म्हणाला. "तुजा धनी माज्याआदी घरला पोचला."

त्याच्या आवाजात दोष नव्हता. त्यामुळंच तिला ते जास्त लागलं. तिनं त्याचा हात धरला. दिवसाउजेडी, उघड्या रानात, आयुष्यात पहिल्यांदा. त्यानं धरू दिला. थोड्या वेळानं सोडवून घेऊन तो परत विहिरीत उतरला.

त्यानंतर देवळात बसलं की बनुबाईचं तोंड कोरडं पडू लागलं. तिनं एकादशीला जायचं बंद केलं. आकाराम दोनदा बोलवायला येऊन गेले. शेवटी ज्ञानूनंच तिला म्हटलं, "माज्यामुळं गानं मोडू नगंस. चल, मीबी येतो." तो स्वतः तिला घेऊन गेला आणि टाळ हातात घेऊन पुरुषांच्यात बसला. बनुबाईनं हळदीचं गाणं सुरू केलं. आवाज तोच, शब्द तेच. पण दोन ओळींतच लोकांना कळलं आणि तिला त्यांच्याआधी कळलं, की ती नुसती म्हणतेय. तिनं डोळे उघडले. ज्ञानू मान खाली घालून, ताल चुकवत टाळ वाजवत होता. त्याची मान इतकी बारीक झाली होती की सदऱ्याची पट्टी भोवती उभी राहिली होती. ती थांबली. पुढचं गाणं आकारामांनी उचलून कसंबसं तडीला नेलं.

"त्योबी गेला," दुसऱ्या दिवशी तिनं त्रिशलाक्काला सांगितलं. "देवाफुडं बसले की ह्ये दिसत्यात. ह्येंच्याकडं बघितलं की त्यो आठवतो. मी एकाचीबी न्हाई झाले, अक्का."

हळूहळू गर्दी ओसरली. परगावची माणसं यायची थांबली. गावात कुणी म्हणालं, नवरा आला आणि देव गेला. कुणी म्हणालं, असंच असतं. ज्ञानूच्या कानावर ते येत होतं.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात त्याचा ताप उतरेना. मिरजेला दवाखान्यात नेलं, तिथून परत आणलं. स्वातंत्र्याचा झेंडा लागला त्या सकाळी शाळेतली पोरं घरोघर साखर वाटत होती. दगडाबाईनं त्यातली चिमूटभर ज्ञानूच्या जिभेवर ठेवली. तो हसला. "कडू लागती गं आये," म्हणाला.

भाद्रपदात एका दुपारी ताप थोडा निवला होता. दगडाबाई बाहेर जात्याशी बसलेली. ज्ञानूनं बनुबाईला जवळ बसवलं.

"त्यो येतो का गं आजून?"

तिला कळलं. "न्हाई."

"मी आलो म्हनून गेला."

"तसं नगा म्हनू."

"मी गेल्यावर येईल."

"मला त्यो नगं," बनुबाई म्हणाली. "मला तुमी पायजे. ह्ये आसलंच, दात पडल्यालं. मला दुसरं काय नगं."

ज्ञानूनं तिच्याकडं नीट पाहिलं. ती खरं बोलतेय का ते तो बघत असावा. मग त्यानं डोळे मिटले आणि तिचा हात आपल्या तोंडावर ओढून घेतला. श्वास तिच्या तळव्याला लागत होता. दिवे लागायच्या सुमारास तो लागायचा थांबला. ती तशीच बसून राहिली. दगडाबाई आत आली तेव्हाही तिनं हात काढला नव्हता.

दिवसकार्य झालं. या वेळी कुंकू दगडाबाईनंच पुसलं, आणि पुसून झाल्यावर सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली. आता बनुबाई पुन्हा गाईल, आणि पूर्वीपेक्षा काळीज कापणारं गाईल, असं गावात सगळ्यांना वाटत होतं. कार्तिकात आकाराम आले. ओसरीवर बसून त्यांनी भीत भीतच विषय काढला.

"पोरी, आता तरी देवळात चल. दुःखातच त्यो भेटतो. तुज्यापेक्षा ह्ये कुनाला म्हाईत?"

बनुबाई तांदूळ निवडत होती. "काका, तवा धनी दिसत न्हवता म्हनून गात हुते," ती म्हणाली. "आता दिसतो. डोळं मिटलं की ताट धरून जेवताना दिसतो. जे दिसतं त्येला हाक कशी मारू?"

"आन् देव?"

ती थांबली. तिला उत्तर देता आलं असतं असं आकारामांना वाटलं. पण तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला, आणि पुन्हा मान खाली घातली. आकाराम उठले.

सासू-सुना दोघीच राहिल्या. बनुबाई त्रिशलाक्काच्या रानात जात राहिली. गांधीहत्येनंतरच्या गडबडीत, पुढं सांगली संस्थान विलीन झालं तेव्हा, गावात खूप बोलणी झाली, भांडणं झाली. या घरात त्यातलं फारसं काही आलं नाही. दगडाबाईला ऐकू येईनासं झालं. भजनी मंडळानं बनुबाईची गाणी चालीसकट उचलली. शेजारच्या गावांतही लोक ती म्हणू लागले.

एकदा एकादशीच्या दुपारी दोघी रानातून परत येत होत्या. बनुबाईच्या डोक्यावर कडब्याची पेंढी होती. देवळात भजन रंगात आलं होतं. दगडाबाईला टाळांचा हादरा तेवढा जाणवला असावा. ती देवळाकडं वळून बघू लागली.

"काय म्हनत्यात गं?" तिनं विचारलं.

"गानं म्हनत्यात."

"कुनाचं?"

बनुबाईनं पेंढी सावरली. म्हातारीला ऐकू जावं म्हणून तिच्या कानाशी वाकून, मोठ्यानं म्हणाली, "देवाचं."

दगडाबाईनं चालता चालता देवळाला हात जोडले. मग दोघी घराकडं वळल्या. दावणीला गाय हंबरत होती.